दमाने

मराठीतला ‘दम’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. धावत आलेल्या माणसाला दम लागतो. मग तो ओटीवर बसून दम खातो. उतावळ्याला वडीलधारी मंडळी दम धरायला सांगतात, आणि इतके सांगूनही त्याने ऐकले नाही तर तीच मंडळी त्याला दम भरतात. पोकळ बोलण्यात दम नसतो. तालमीतल्या पोराच्या अंगात तो असावा लागतो. श्वास, विसावा, धीर, धाक आणि बळ एवढ्या साऱ्या गोष्टी ह्या दोन अक्षरांत मावल्या आहेत. शब्दांची कुळे शोधणारे सांगतील की इथे दोन वेगवेगळे शब्द एकत्र आले आहेत. फारसीतला दम म्हणजे श्वास आणि संस्कृतातला दम म्हणजे इंद्रियांना घातलेला आवर. दोघांचे माहेर वेगळे. परंतु मराठीच्या घरात ते सख्ख्या जावांसारखे असे काही नांदले की कोणता कुठला हे आता सांगता येऊ नये. त्यांच्या ह्या एकत्र नांदण्याची सगळ्यांत गोड खूण म्हणजे ‘दमाने’ हे क्रियाविशेषण. ‘दमाने घे’ ह्याचा अर्थ नुसता ‘हळू घे’ असा होत नाही. श्वास राखून घे, आवर ठेवून घे, म्हणजे शेवटपर्यंत जाशील, एवढे सगळे त्यात आहे.

ह्या एका क्रियाविशेषणावर अलीकडे एक शास्त्रच उभे राहिले आहे. आणि तेही अशा ठिकाणी, जिथे घाई हाच धर्म असावा असे आपल्याला वाटेल, म्हणजे धावण्याच्या शर्यतीत. मॅरेथॉन ही ४२ किलोमीटर १९५ मीटरांची शर्यत. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून तिच्या निम्म्या पल्ल्याची शर्यत भरू लागली. आणि ‘आमची सूनबाई पहाटे धावायला जाते’ हे वाक्य आता हळदीकुंकवातही कौतुकाने ऐकू येते. सपाट रस्त्यावर धावणाऱ्याला जाणकार सांगतात की पहिल्या किलोमीटरचा वेग शेवटच्या किलोमीटरपर्यंत राखा. परंतु रस्ता डोंगराळ असेल तर? तेव्हा सारखे काय राखायचे? वेग, की कष्ट? दोन्ही एकदम सारखे राहू शकत नाहीत. चढावर वेग तोच ठेवला तर कष्ट वाढतात. कष्ट तेवढेच ठेवले तर वेग घटतो. ह्यावर जाणकारांचे उत्तर बहुतेक एकमुखी आहे. कष्ट सारखे ठेवा, वेगाचे काय व्हायचे ते होऊ द्या. प्रश्न धावण्याचा, उत्तरही धावण्याचेच. परंतु सारखेपणा म्हणजे नेमके काय, ह्या फार जुन्या नैतिक प्रश्नालाच ते नकळत हात घालते, असे मला वाटते.

हा प्रश्न पायांनी समजून घ्यायचा असेल तर उंबरमाळीला जावे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, मध्य रेल्वेच्या मार्गावर खर्डी आणि कसारा ह्यांच्यामधले हे लहानसे स्थानक. इथून पुढच्याच स्थानकात, कसाऱ्याला, लोकलगाड्यांची धाव संपते आणि समोर सह्याद्री आडवा येतो. भिंतीपलीकडे इगतपुरी, मधला तो थळघाट. १८६५ साली रेल्वे हा घाट चढून इगतपुरीला पोहोचली. सुमारे १६ किलोमीटरांत ती सुमारे ३०० मीटर वर जाते, आणि कठीण जागी चढ सदतिसास एक असतो. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. ऐकताना हे प्रमाण किरकोळ वाटते. परंतु एवढ्यासाठी बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. हा बँकर पेढीवरचा नव्हे, हे सांगायला हवे. कारण तो अडीनडीला बळ उसने देतो, इगतपुरी आली की मुकाट्याने बाजूला होतो, आणि व्याज मागत नाही.

आता समजा, कोणी उंबरमाळीहून निघाला, कसारा गाठले, घाट चढून इगतपुरीची वेस शिवला आणि आल्या वाटेने परतला. अंतर मॅरेथॉनच्या आसपास भरेल. प्रत्यक्षात हे कोणी करू नये. मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या मालट्रकांना तत्त्वचिंतनाची फारशी आवड नसते. आपण मनातल्या मनात धावू. अलबेर्तो मिनेट्टी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली, चढउतारावर धावताना शरीराला किती ऊर्जा लागते ह्याची मोजणी प्रसिद्ध केली. तिच्यावरून हिशेब मांडला तर असे दिसते की सपाटीवरच्या एका किलोमीटरला शंभर भाग ऊर्जा लागत असेल, तर रेल्वेच्या त्या सदतिसास एक चढावर सुमारे ११५ भाग लागेल आणि तेवढ्याच उतारावर सुमारे ८६. सपाटीवर सहा मिनिटांत किलोमीटर धावणारा माणूस तेवढ्याच कष्टाने हा चढ चढू लागला, तर त्याला किलोमीटरला सहा मिनिटे पंचावन्न सेकंद लागतील. घड्याळ म्हणेल, हा ढेपाळला. छाती म्हणेल, मी तर होते तिथेच आहे. दोघेही खरेच बोलत असतात.

ह्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चढावर पंधरा भाग जास्त गेले. उतारावर मात्र चौदाच परत आले. चढ जितका तीव्र तितकी ही तूट वाढते. दहास एक चढावर खर्च १६५ भागांच्या आसपास जातो, आणि तसल्याच उतारावर तो ६० च्या आसपास राहतो. म्हणजे पासष्ट दिले आणि चाळीस मिळाले. ‘चढावर गेलेले उतारावर भरून काढू’ असे म्हणणाऱ्याला निसर्ग पुरते पैसे परत देत नाही.

चढावरही वेग सोडायचा नाही, असा हट्ट धरणाऱ्याचे काय होते? साठ किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनभर धावायला ढोबळ मानाने अडीच हजार कॅलरी लागतात. शरीरात स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा जो साठा असतो, तो साधारण दोन हजार कॅलरींचा. उरलेले काम चरबीला करावे लागते. चरबी सगळ्यांकडे भरपूर असते, कित्येकांकडे गरजेहून अधिक. परंतु ती संथ चुलीसारखी जळते. कष्ट जितके तीव्र तितकी साखर जास्त खर्च होते. म्हणून एका चढावर दाखवलेला पराक्रम तिथेच फिटत नाही. त्याची वसुली तीस-पस्तीस किलोमीटरांनंतर होते, जेव्हा पाय अचानक परके होतात. मुंबईच्या शर्यतीत परतताना पेडर रोडचा चढ लागतो तो ह्याच सुमारास. नकाशावर ते एक टेकाड आहे. घाट म्हणण्याचीही त्याची योग्यता नाही. परंतु पस्तिसाव्या किलोमीटरच्या आगेमागे भेटणाऱ्या टेकाडाची उंची मीटरांत मोजता येत नाही; त्याच्याआधी कसे धावलात, त्यावर ती ठरते.

म्हणजे सारखेपणा दोन प्रकारचा आहे. एक घड्याळाचा आणि एक श्वासाचा. घड्याळाचा सारखेपणा बाहेरून दिसतो, मोजता येतो, दुसऱ्याला दाखवता येतो. श्वासाचा सारखेपणा ज्याचा त्यालाच कळतो. शास्त्रज्ञांनी त्यालाही आकडे द्यायचा प्रयत्न केला आहे. गुन्नार बोर्ग ह्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ६ ते २० अशी एक मोजपट्टी केली. परंतु त्या पट्टीवरचा आकडा सांगायचा कोणी? ज्याला कष्ट होतात त्यानेच. त्याने खोटे सांगितले तर ते पकडायला दुसरी पट्टी नाही. आणि गंमत अशी, की त्याचे शरीर त्याच्याशीही खोटे बोलते. पहिल्या दहा किलोमीटरांत सगळे हलके वाटते. हवा गार असते, पाय ताजे असतात, रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत असतात. त्या वेळी ‘मी सम कष्टाने धावतो आहे’ असे प्रामाणिकपणे म्हणणारासुद्धा बहुधा जास्तच धावत असतो. म्हणजे नुसते मनाला विचारून भागत नाही. पुढचा रस्ता ठाऊक असलेल्या बुद्धीलाही विचारावे लागते. इथे फारसी दमाला संस्कृत दमाची मदत लागते. श्वास सांगतो, ‘अजून पुष्कळ आहे’. आवर सांगतो, ‘म्हणूनच राखून ठेव’.

मनगटावरच्या यंत्राने क्षणोक्षणी वेग सांगावा, ही सोय फार अलीकडची. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी शर्यतीचा पल्ला नेहमीपेक्षाही लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांचा होता. ती त्यांनी २ तास ५० मिनिटांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. त्या चमूमागची हकीकतही विचार करण्याजोगी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्या दर्शनातून हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना पुढे आली. ह्या मुलांना वेग शिकवायला कोणी नव्हते. नांगरटीच्या दिवसांत सकाळी सगळे बळ खर्चून टाकले तर तिसऱ्या प्रहरी काय होते, हे मात्र त्यांच्या घरात कोणाला शिकवावे लागत नव्हते.

इथपर्यंत हा प्रश्न माणसाचा स्वतःशीच आहे. परंतु रस्त्यावर आपण एकटे नसतो, आणि खरी अडचण दुसऱ्याकडे पाहताना येते. दुसऱ्याचा वेग आपल्याला दिसतो. त्याचा चढ दिसत नाही.

उंबरमाळीच्या आसपासचाच मुलूख घ्या. शहापूर तालुक्यातले तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. पुढे भातसाही आले. हे पाणी मुंबईकडे बहुतांशी उताराच्या जोरावर वाहत जाते, आणि मुंबईच्या घरात तोटी फिरवली की येते. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि टँकर नसेल तेव्हा बायका उतरून खालच्या विहिरीवर जातात व भरलेले हंडे घेऊन चढ चढतात. पंधरा लिटरांचा एक हंडा म्हणजे पंधरा किलो. त्यावर कळशी असली तर ती निराळी. पाणी तेच, पाऊस तोच; एकाकडे ते उताराने जाते, दुसरीला ते चढाने न्यावे लागते. अशा घरातली मुलगी सकाळी दोन खेपा करून शाळेत जाते आणि परीक्षेत पंचावन्न टक्के मिळवते. शहरातल्या मुलाला नव्वद मिळतात. गुणपत्रिका खोटी नसते. परंतु ती किलोमीटरला लागलेली मिनिटे सांगते. रस्ता कसा होता ते तिच्यात छापलेले नसते. तिच्यावरून कोण हुशार, कोण कष्टाळू असा निकाल आपण देतो, तेव्हा कसाऱ्याच्या घाटात धावणाऱ्याची तुलना मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्याशी करत असतो.

ह्यावर एक रोखठोक आक्षेप येईल, आणि तो टाळता येणार नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा शिक्षणाचा मार्ग किती चढाचा होता, ह्याचे टेबलावर निजलेल्या रोग्याला काय करायचे? पूल बांधणाऱ्याने मनापासून कष्ट केले, पण पूल पडला, तर त्या मनापासूनचे काय? आक्षेप खरा आहे. जगाला पुष्कळ ठिकाणी वेगच लागतो, फळच लागते. कामाची पारख फळावरूनच व्हायला हवी. परंतु कामाची पारख आणि माणसाची पारख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली चूक होते ती एकीचे माप दुसरीला लावताना. शर्यतीत पहिला आला त्याला पदक द्यावे, त्यात अन्याय नाही. शेवटी आला तो आळशीच असणार असे समजावे, ह्यात आहे.

मग चढही आहे आणि वेगही हवा आहे, अशा ठिकाणी काय करायचे? ह्याचे उत्तर आपल्याकडे पुस्तकांच्याही आधी रस्त्यांनी देऊन ठेवले आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाते, तेव्हा वाटेत दिवेघाट लागतो. त्या घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. चढावर बैल हळू चालतात म्हणून कोणी त्यांच्या पाठीवर चाबूक ओढत बसत नाही, आणि सासवडचा मुक्कामही चुकवत नाही, जोड्या वाढवतात. कसाऱ्याचा बँकर हेच करतो. अलीकडे समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरांचा बोगदा काढला, २०२५ साली तो वाहतुकीला खुला झाला, आणि मोटारींपुरता डोंगरच बाजूला झाला. म्हणजे न्यायाचे मार्ग तीन. चढावरच्या माणसाला हळू जाऊ द्यावे. हळू जाणे परवडत नसेल तर त्याला जादा जोडी लावावी. आणि जमेल तिथे चढच कमी करावा. ओझे तेच, बैल तेच, घाट तसाच, आणि वर ‘सपाटीवर पोहोचता त्याच वेळी पोहोचा’ असे म्हणणे, ह्याला आपण समानता म्हणतो. परंतु ते नुसते घड्याळाकडे पाहणे झाले.

हे सगळे फार दूरच्या लोकांविषयी आहे असे वाटत असेल तर, दिवाळीच आहे म्हणून, घरातल्या घरात पाहावे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा आठवडा घरातल्या बहुतेकांना उताराचा असतो. शाळेला सुट्टी, कचेरीला सुट्टी, ताटात चकली, अंगाला उटणे. परंतु तोच आठवडा एका व्यक्तीला घाटासारखा लागतो. भाजणी भाजण्यापासून करंज्यांच्या शेवटच्या घाण्यापर्यंत ती चढतच असते. नरकचतुर्दशीला सगळ्यांच्या आधी उठून पाणी तापवणारी तीच, आणि पाडव्याला ओवाळून झाल्यावर ‘तुझा चेहरा असा का उतरला आहे, सणासुदीला?’ हे ऐकणारीही तीच. विचारणारा मनाचा वाईट नसतो. तो उतारावर आहे, आणि त्याला वाटते की सगळा रस्ताच उताराचा आहे. त्याने फार तत्त्वज्ञान करण्याची गरज नाही. सोऱ्या हातात घ्यावा. घाटात जोडी लावणे म्हणतात ते हेच.

परंतु चढाचे हे तत्त्व एका दिशेने फार निसरडे आहे, तेही सांगितले पाहिजे. माझा रस्ता चढाचा आहे, असे कोणाला वाटत नाही? ज्याच्या त्याच्या मते त्याचीच वाट उभी असते. आणि कष्ट ज्याचे त्यालाच कळत असल्यामुळे ‘मी हळू आहे कारण घाट आहे’ ह्या वाक्याची शहानिशा बाहेरच्याला करता येत नाही. मग आळस आणि अडचण ह्यांत फरक कसा करायचा? मला वाटते, ह्याची कसोटी चढावर नसून उतारावर आहे. सम कष्टाने धावतो म्हणणारा चढावर हळू गेला, तर उतारावर त्याने तेवढेच कष्ट करून वेगाने गेले पाहिजे. चढावर ‘घाट आहे’ म्हणून हळू, आणि उतारावर ‘आत्ताच घाट चढलो’ म्हणून हळू, असा हिशेब मांडणारा सम कष्टाचे नाव घेऊन कष्टच चुकवतो आहे. दुसऱ्याला ही कसोटी लावण्याची घाई करू नये. स्वतःला मात्र रोज लावावी.

उतारावर दुसराही धोका आहे, आणि तो आळसापेक्षा गोड आहे. उतारावर मिळालेला वेग आपलाच आहे असे वाटू लागते. अमेरिकेतल्या बॉस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालू आहे. तिचा सुरुवातीचा रस्ता उताराचा आहे आणि चढ लागतात ते पंचवीस किलोमीटर उलटल्यावर. सुरुवातीला उतारावर मोहरून गेलेले कित्येक तिथे अडखळतात. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग ह्या शहरांदरम्यान १९२१ पासून सुमारे नव्वद किलोमीटरांची शर्यत होते. दिशा बदलत जाते, एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे आणि पुढच्या वर्षी डोंगराकडून समुद्राकडे. नवख्याला वाटते, उताराचे वर्ष सोपे. अनुभवी लोक सांगतात, मांड्यांची खरी दैना त्याच वर्षी होते. उतरताना प्रत्येक पावलाला शरीर आवरावे लागते, ताणलेल्या स्नायूंनीच भार झेलावा लागतो आणि ते आतून फाटतात. रेल्वेला हे आधीच कळले होते. थळघाट उतरताना गाडीच्या वेगावर कडक मर्यादा असते, आणि ताबा सुटलाच तर तिला आवरायला बाजूला चढती लोहवाट काढून ठेवलेली असते. वाडवडिलांची इस्टेट, ओळखीच्या माणसाचा शब्द, चांगली शाळा, निरोगी प्रकृती, हे सगळे उतारच. त्यांवरून वेगाने जाण्यात पाप नाही. परंतु तो वेग आपल्या पायांचा आहे असे मानणाऱ्याला पुढच्या वळणावर आवरणे कठीण जाते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत खोल आहे. धावणाऱ्याला पल्ला ठाऊक असतो. ४२ किलोमीटर १९५ मीटर झाले की कोणी तरी हातात पाणी देणार आहे. म्हणून तो कष्ट वाटून घेऊ शकतो. आयुष्याचा पल्ला कोणाला ठाऊक आहे? उद्याच संपणार असेल तर आज राखून ठेवलेले बळ वाया गेले. आणि आणखी चाळीस वर्षे असतील तर आजचा आततायीपणा घातक ठरेल. शिवाय काही चढ असे असतात की तिथे राखून ठेवणे हाच अपराध. घराला आग लागली असता, मूल पाण्यात पडले असता, कोणी दमाने घेत नाही आणि घेऊही नये. तिथे सगळा दम एका क्षणात ओतायचा असतो. हे मान्यच केले पाहिजे. परंतु असे क्षण थोडे, आणि बाकीचा रस्ता फार मोठा. आपण नेमके उलटे करतो. रोजच्या रस्त्यावर आग लागल्यासारखे धावतो, आणि खरी आग लागते तेव्हा आपल्याजवळ श्वास उरलेला नसतो.

पल्ला ठाऊक नसताना कष्ट किती करायचे, ह्याचे एकच माप मला सुचते. आज इतकेच करावे की उद्या सकाळी तेवढेच पुन्हा करता येईल. विनोबा भूदानासाठी १९५१ साली चालू लागले आणि १९६४ पर्यंत, तेरा वर्षे, चालत राहिले. किती चालायचे आहे हे निघताना त्यांनाही ठाऊक नसणार. पहाटे निघायचे, मजल मारायची, मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा निघायचे. गीतेने समत्वालाच योग म्हटले आहे, आणि त्या शिकवणीला विनोबांनी साम्ययोग हे नाव दिले. सुख आणि दुःख सारखे मानणे आपल्यासारख्यांना अवघड. परंतु चढ आणि उतार ह्यांवर श्वास सारखा ठेवणे, हे त्या योगाचे पहिले पाऊल तरी आपल्या आवाक्यातले आहे.

तो सारखा आहे की नाही हे ओळखण्याची धावणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. तिला यंत्र लागत नाही. बरोबरच्या माणसाशी पुरे एक वाक्य बोलून पाहायचे. बोलता आले तर ठीक चालले आहे. शब्द तुटू लागले तर वेग कमी करायचा. वारकरी दिवेघाट अभंग म्हणत चढतात, आणि शहापूरकडच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढताना एकमेकींशी बोलत असतात. त्यांच्या ओझ्याचे कौतुक करून ते तसेच राहू देणे बरे नव्हे. त्यांचा चढ कमी व्हायलाच हवा. परंतु त्यांच्या बोलण्यात जे शहाणपण आहे ते आपण घ्यावे. कष्ट कितीही असोत, सोबतच्या माणसाशी दोन शब्द बोलण्याइतका श्वास शिल्लक ठेवला पाहिजे. ज्या धावण्यात तेवढाही उरत नाही, त्यात आपण कोणाच्या तरी पुढे जात असू. पण आपल्या बाजूला कोण चालले आहे, त्याची वाट किती उभी आहे, आणि त्याला जादा जोडीची गरज आहे का, हे विचारायला मात्र आपल्याजवळ दम राहिलेला नसतो.